थेंब कागदावर पाठव

वाडी, नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामाजी,
सविनय जयभीम.

व्हॉट्सॲपवर मी तुम्हाला पाच प्रश्न विचारले आणि तुम्ही मला पाच अंगठे पाठवले. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदलायचं, या प्रश्नाचं उत्तर अंगठा कसं असू शकतं ते मला अजून कळलेलं नाही. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही. शेवटी सिंधूमामींनी निरोप दिला, "तुह्या मामाजीचं म्हणणं हाय, मशीनीचं काम चिठ्ठीत लिह. वाचतीन अन् जवाब देतीन." म्हणून सीताबर्डीवरून फुलस्केप कागद आणि पाकिटं आणली आणि शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच एवढं लांब लिहायला बसले आहे. हसू नका.

बातमी अशी की मी ट्रक घेतला. अगदी तुमच्या गॅरेजात यायच्या त्या दहाचाकी गाड्यांसारखा नाही, छोटा आहे. मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या कामाला आलेल्या एका परदेशी साहेबाचा होता, दोन हजार बाराचा. पुढे केबिन, मागे हौदा. तुमच्या हाताखाली शिकलेल्या नत्थूभाऊने हौद्यावर पत्र्याची कपाटं बसवून दिली. बाजूची झाकणं वर उचलली की पुस्तकांचं दुकान तयार. आणि मुख्य म्हणजे ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. माझा जयपूरचा पाय आरामात बसून राहतो आणि उजवा एकटा नोकरी करतो.

वीस मार्चला महाडला, चवदार तळ्यावर दुकान लावायचं आहे. दरवर्षी मी पुस्तकं कोणाच्या तरी टेम्पोत टाकते आणि मागून रेल्वेने, एसटीने धावत जाते. मागच्या वेळी टेम्पोवाला पुण्यातच थांबला आणि मी महाडला हात हलवत उभी होते. यंदा स्वतः चालवत जाणार. साडेआठशे किलोमीटर, आणि शेवटी ताम्हिणी घाट. अपघातानंतर मी गाडी घेऊन कामठीच्या पलीकडे गेलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आता दुखणं सांगते. लिव्हर पुढे जायच्या D वर टाकला की ट्रक लगेच निघत नाही. मनात एक, दोन म्हणावं, तेव्हा धक्का देऊन हलतो. नत्थूभाऊ म्हणतो, जुनी झाली, दम घेते. मला ते पटलं नाही.

मामाजी, एकदा येऊन बघाल का? आणि जमलं तर महाडला माझ्या शेजारी बसून चला. तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. अमरावती रस्त्यावर तळेगावच्या घाटात मी चालवत होते तो टेम्पो उलटला, माझा पाय गेला आणि तुम्ही "मी बांधलेला गिअर सुटला" म्हणून वाडीतल्या गॅरेजचं शटर ओढलंत, त्याला पंधरा वर्षं झाली. मामी सांगतात, तेव्हापासून तुम्ही सायकलची चेनसुद्धा चढवत नाही. तरी विचारते. तुमच्याशिवाय मी हा ट्रक घाटात नेणार नाही.

आई बरी आहे. भावाला म्हणावं कानाची मशीन लाव, असं तिचं म्हणणं.

तुमची,
अस्मिता


पवनी
१३ फेब्रुवारी २०२६

प्रिय अस्मिता,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. पुस्तकं विकतेस, जरा सुधारून घे.

येणार नाही. गिअरबॉक्सला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे आणि ते मी एकट्याने ठरवलं आहे, तेव्हा तू किंवा तुझी आई, कोणीही मध्ये पडू नये. पण लिहायचं नाही असं काही ठरवलेलं नाही. म्हणून लिहितो.

तुला वाटतं मामाला ऑटोमॅटिक काय कळणार. वाडीत गॅरेज टाकण्याआधी उमरेडच्या खाणीत मी अकरा वर्षं डंपरच्या गिअरबॉक्सवर होतो. ते ऑटोमॅटिकच होते. कान तिथेच दिले. एकेक डंपर घराएवढा, लिव्हरवर तळहात ठेवला की आत काय चाललंय ते कोपरापर्यंत कळायचं. तुझं खेळणं त्याचंच नातवंड समज.

ऑटोमॅटिकमध्ये ऑइल हे फक्त वंगण नसतं. तेच गाडी ढकलतं. ते कमी असेल तर लिव्हर टाकल्यावर दाब तयार व्हायला वेळ लागतो, तेच तुझं एक, दोन. किंवा ते म्हातारं झालं असेल. किंवा आतल्या, पकड धरणाऱ्या प्लेटा झिजून गेल्या असतील, मग महाड विसर. तिघांपैकी काय ते आपल्याला आधी बघायचं आहे.

असं कर. ट्रक सपाट जागी उभा कर. वाडीत सपाट जागा मिळणं कठीण, पण शोध. वीसेक किलोमीटर चालवून आणलेला असावा, म्हणजे ऑइल गरम असेल. इंजिन बंद करायचं नाही. ब्रेक दाबून लिव्हर सावकाश सगळ्या अक्षरांवरून फिरव, प्रत्येक ठिकाणी थोडं थांब, मग P वर आण आणि हँडब्रेक ओढ. मग चालू इंजिनवर गिअरबॉक्सची, ऑइल मोजायची डिपस्टिक काढ, पूस, पुन्हा घाल, पुन्हा काढ आणि बघ. पुसायला सुती चिंधी घेऊ नकोस. तिचा एक धागा आत गेला तरी बारीक नळीत अडकून बसतो.

डिपस्टिकच्या टोकाचा थेंब पांढऱ्या कागदावर पाड आणि वाळला की मला पाठव. फोटो नको. मोबाईलमध्ये तुझ्या मामीने केलेली आमटीसुद्धा लालभडक दिसते. कागद पाठव, म्हणजे रंगही कळेल आणि वासही येईल.

तुझा,
संघपाल मामा

ता. क. कानाची मशीन लावली होती. तुझी मामी दिवसभर काय काय बोलते ते ऐकू आलं. काढून ठेवली.


वाडी
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामाजी,
सविनय जयभीम.

सोबत कागद जोडला आहे. मधोमध थेंब आहे. मला तो चहाच्या चौथ्या पाण्यासारखा दिसला, पण तुम्ही बघा.

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही सांगितलं तसं चालू इंजिनवर बघितलं तर डिपस्टिक जवळजवळ कोरडी. फक्त टोकाला ओल. मी नत्थूभाऊला बोलावलं. तो म्हणाला, मागच्या महिन्यात मी मोजलं तेव्हा तर खुणेच्या वर होतं, जास्त भरलेलं दिसलं म्हणून एक लिटर काढून टाकलं. कधी मोजलं, तर सकाळी, थंड गाडीवर, इंजिन बंद करून. तुमच्याकडे आयुष्यभर इंजिनचं ऑइल असंच मोजायला शिकला ना तो. बिचारा इतका शरमला की दोन दिवस मला चहा पाजतो आहे. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. डोळे पुसत होता. म्हणाला, "मालक अजून तसंच बोलते." त्याच्या गॅरेजला तो अजूनही तुमचंच गॅरेज म्हणतो. भिंतीवर पाने लटकवायच्या जागा तुम्ही रंगवल्या होत्या, त्या त्याने तशाच ठेवल्या आहेत. बारा नंबरचा पाना कोणी चौदाच्या जागी टांगला तर तो माणूस संपलाच.

आता सांगा, प्लेटा गेल्या असतील का? महाडच्या मंडळींना मी जागेसाठी अर्ज पाठवून बसले आहे. आणि पुस्तकांच्या बावीस पेट्या आईच्या पलंगाखाली आहेत. आई म्हणते, एक तर पेट्या जातील नाहीतर मी.

तुमची,
अस्मिता


पवनी
२१ फेब्रुवारी २०२६

प्रिय अस्मिता,
सप्रेम जयभीम.

तुझा कागद अंगणात उन्हात धरून बघत होतो, मग वास घेत होतो. तुझी मामी पाणी भरून आली, म्हणाली, "या वयात कोनाची चिठ्ठी हुंगून राहिले?" मी कागद तिच्या नाकाशी धरला. तिला शिंका आल्या. आता बोलत नाही.

घाबरू नकोस. रंग तपकिरी आहे, पण मध्ये लाल अजून जिवंत आहे. थेंब कागदावर पसरला आहे, त्याच्या मध्यात काळा चिकट ठिपका राहिलेला नाही. जळका वास नाही. जळलेल्या ऑइलचा वास विसरता येत नाही, करपलेल्या दुधासारखा नाकात बसतो. म्हणजे प्लेटा शाबूत असाव्यात. ऑइल म्हातारं झालंय आणि त्यात नत्थूने एक लिटर उपसलं, एवढंच दुखणं आहे.

नत्थूला सांग, मालक रागावलेला नाही. मोजायची पद्धत मीच शिकवली, चूक माझीच. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की वरचं ऑइल खाली उतरतं आणि आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आणि आता हे काम त्याच्याकडूनच करून घे, तू शेजारी उभी राहा आणि हे पत्र हातात धर. खालचं चेंबर उतरवायचं. त्यात एक लोहचुंबक असतो. त्याच्यावर करडं, मऊ, काजळासारखं काही बसलेलं असेल तर ते ठीक, म्हातारपण आहे. टोचणारे कण निघाले तर काम थांबव आणि मला कळव. फिल्टर नवीन घाल. जितकं निघालं तितकं मापून नवं भर, नत्थूचं एक लिटर वेगळं. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे तेच, दुकानदार काहीही म्हणो. प्रेशरच्या मशीनने आतून धुवून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. जुन्या गिअरबॉक्सचा मळ एकदम हलवला की तो नको तिथे जाऊन बसतो. पुन्हा दोनतीनशे किलोमीटर चालव आणि परत थेंब पाठव. ट्रक रात्री उभा करशील तेव्हा खाली पुठ्ठा टाक. सकाळी पुठ्ठा कोरडा पाहिजे.

पेट्या बावीस नेऊ नकोस, सोळा ने. वजनाने ऑइल तापतं.

आणि घाटाचं ऐक. चढ संपून उतार लागायच्या आधी लिव्हर २ वर आण. गाडी इंजिनच्या जोरावर स्वतःला धरून उतरते, ब्रेकला नुसतं शिवायचं. उतारावर N वर टाकायचं नाही. पुन्हा लिहितो, उतारावर N वर टाकायचं नाही. वाडीतले ड्रायव्हर डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करून गाडी सोडतात. मी गॅरेजात त्यावरून किती जणांना शिव्या दिल्या ते तू लहानपणी ऐकलंच आहेस. ऑटोमॅटिकला तर तसं केलं की आतलं वंगणही धड पोचत नाही.

तुला हे सांगायची तशी गरज नाही. तू त्या दिवशी तिसऱ्या गिअरमध्ये होतीस, तुझी काहीच चूक नव्हती. गिअर सुटला, कारण आठच दिवसांपूर्वी त्या टेम्पोचा गिअरबॉक्स मी बांधला होता. तो अजून माझ्याकडे आहे, धानाच्या कोठीमागे पोत्यात. पंधरा वर्षांत मी ते पोतं उघडलं नाही. कुठलं लॉक बसवायचं विसरलो, गिअर सरकवणारा कुठला फोर्क वाकडा ठेवला, ते बघायची हिंमत झाली नाही. असो.

तुझा,
संघपाल मामा


वाडी
२७ फेब्रुवारी २०२६

प्रिय मामाजी,
सविनय जयभीम.

काम झालं. चुंबकावर करडं काजळच निघालं, एकही कण टोचला नाही. प्लास्टिकच्या पुडीत थोडं पाठवते आहे, मामींना हुंगायला देऊ नका. चेंबरमधून निघालेलं ऑइल मापून तेवढंच नवं भरलं, वर एक लिटर. नत्थूभाऊने पत्रातली ओळन्‌ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. गाडी चालू ठेवून डिपस्टिक बघताना तो असा हळू चालत होता, जसं काही आत कोणी झोपलंय.

आता D वर टाकलं की ट्रक लगेच निघतो. एक म्हणायलाही वेळ मिळत नाही. काटोल, वर्धा असं करून तीनशे दहा किलोमीटर झाले. पुठ्ठा चार दिवस कोरडा आहे. थेंब सोबत आहे. डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतो ना?

पेट्या सोळाच नेते. आईने पलंगाखाली झाडू मारला आणि मला माफ केलं. सतराच्या सकाळी निघायचं, एकोणीसला महाड.

मामी बोलायला लागल्या का?

तुमची,
अस्मिता


पवनी
२ मार्च २०२६

प्रिय अस्मिता,
सप्रेम जयभीम.

थेंब बघितला. झकास. नत्थूच्या पाठीवर माझ्या वतीने एक थाप मार.

माझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर तू दिलंस. चुंबकाचं, पुठ्ठ्याचं, पेट्यांचं. घाटाबद्दल एक अक्षर नाही. मी पत्र पुन्हा काढून बघितलं, कारण मला वाटलं एक कागद राहिला असेल.

मग लक्षात आलं, पोरगी घाबरली आहे. आणि तिला घाटाची आठवण करून देणारा मीच. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अस्मिता, घाबरत असशील तर ट्रक पुण्यातच ठेव आणि पेट्या खाली दुसऱ्या कोणाबरोबर पाठव. कोणी तुला काही बोलणार नाही. तुझा पाय माझ्या हाताने गेला. आता तुझी झोपसुद्धा माझ्यामुळे जाऊ नये, एवढं माझं ऐक.

तुझा,
संघपाल मामा


वाडी
५ मार्च २०२६

मामाजी,

हे पत्र तीनदा फाडलं. हे चौथं आहे, ते फाडायच्या आधी टपालपेटीत टाकणार.

मला घाटाची भीती वाटत नाही. मला तुमच्या त्या ओळीची भीती वाटते. मी तिसऱ्यात नव्हते. गिअर सुटला नव्हता. मी तो स्वतः न्यूट्रल केला होता.

तळेगावच्या घाटात चढ संपला तेव्हा मला ओलांडून दोन गाड्या आवाज न करता सुसाट उतरत गेल्या. वाडीतल्याच होत्या, ड्रायव्हर ओळखीचे. मला बघून त्यांनी हॉर्न दिला. एकवीस वर्षांची होते, संघपाल मिस्त्रीची भाची होते, वाडीत टेम्पो चालवणारी एकटी मुलगी होते. तुम्ही त्यावरून शिव्या देता ते मला पाठ होतं. तरी वाटलं, एकदा बघू. टेम्पो इतका हलका पळायला लागला की मी हसत होते. मग दुसऱ्या वळणावर ब्रेकचा वास आला, तिसऱ्या वळणावर पायाखालचं पेडल नुसतंच खाली गेलं. मी परत गिअर टाकायला बघितलं. तो आत जाईना. दातांवर दात घासल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आपल्या माणसांपैकी नत्थूभाऊ सगळ्यात आधी पोचला. लिव्हर न्यूट्रलमध्ये बघून तो म्हणाला, गिअर सुटलेला दिसते. त्याने खोटं सांगितलं नाही. त्याच्या मनातसुद्धा आलं नाही की मालकाची भाची तसं करेल.

तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडले तर तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभे होतात. म्हणालात, "माह्या हातची चूक झाली वं बाई." मी सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. मामाजी, मी फक्त पाणी मागितलं. तुम्ही ते चमच्याने पाजलंत. त्यानंतर तुम्ही गॅरेज बंद केलं. तेव्हा सांगायला हवं होतं. मग पवनीला गेलात, तेव्हा. मग दरवर्षी वाटायचं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. गेलेला पाय मी तुमच्या नावावर लिहून ठेवला आणि तुम्ही तो पंधरा वर्षं उचलून धरलात.

तुम्हाला शेजारी बसवून घाटात सांगायचं असं मी ठरवलं होतं. म्हणून बोलावत होते. पण तुम्हाला ऐकू येत नाही, आणि घाटात ओरडून सांगायची ही गोष्ट नाही.

तुमचे हात चांगले आहेत. ते कधीच चुकले नव्हते. माफ करा असं लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. माफ करा.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर मी महाडला जाणार नाही. पेट्या परत पलंगाखाली ठेवीन.

अस्मिता


पवनी
१४ मार्च २०२६

अस्मिता,

तुझं पत्र सात तारखेला मिळालं. आठवडाभर उत्तर दिलं नाही. हे आता टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून गावातल्या शालिकरामच्या धानाच्या ट्रकबरोबर पाठवतो. त्याला वाडीतच गाडी रिकामी करायची आहे.

पत्र वाचून मी कोठीमागचं पोतं ओढलं. तुझी मामी म्हणाली, आधी जेवा. जेवलो नाही. अंगणात सुतळी कापली, बाहेरचा गंज रॉकेलने धुतला आणि गिअरबॉक्स उघडला. पहिला नट फिरेना. त्यावर पुन्हा रॉकेल सोडलं, तेव्हा सैल झाला. दुपारपर्यंत सगळं पोत्यावर मांडलं. प्रत्येक लॉक जागेवर आहे. फोर्क सरळ आहेत. तिसऱ्याचे दात जसे मी बसवले तसे आहेत, फक्त कडांना ओरखडे, ते तू शेवटी गिअर टाकायला बघितलास तेव्हाचे. मी दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा भिंग घेऊन तपासलं. तिथेच बसून रडलो. तुझ्या मामीला वाटलं, चूक सापडली. तिला म्हटलं, "नाही सापडली. हेच तं."

त्यानंतर मला राग आला. खोटं कशाला लिहू. माझी पंधरा वर्षं, गॅरेज, हातातली कला, सगळं एका शब्दासाठी गेलं, आणि तो शब्द तुझ्या तोंडात होता. दोन दिवस मी तुझं नाव घेऊ दिलं नाही. मग एका सकाळी माझ्या मनात आलं, त्या दिवशी मी पलंगाशी उभा राहिलो तेव्हा तुला विचारलंसुद्धा नाही काय झालं. मीच सांगून मोकळा झालो. पोतं उघडलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मिस्त्री माणूस, तपासल्याशिवाय दुखणं कसं सांगितलं मी?

तरी राग आहे. सोळाच्या सकाळच्या एसटीने नागपूरला येतो. महाडला तुझ्याबरोबर येणार, पण रस्त्याने तुझ्याशी बोलणार नाही. तसंही मला ऐकू येत नाही आणि मी फार बोलत नाही, त्यामुळे तुला फरक कळणार नाही. म्हणून लिहून कळवतो.

पेट्या पलंगाखाली ठेवू नकोस. टायरमधली हवा बघून ठेव.

संघपाल मामा


वाडी
२५ मार्च २०२६

प्रिय मामाजी,
सविनय जयभीम.

तुम्ही काल पवनीला पोचलात, हे मामींच्या फोनवरून कळलं. सोबत थेंब आहे. जाऊनयेऊन सतराशे किलोमीटर आणि एक घाट, दोन वेळा. मला तो लालच दिसतो. तुम्ही हुंगून बघा.

पुस्तकं इतकी खपली की परत येताना केबिनमध्ये बसलेल्या माणसापेक्षा मागच्या पेट्या हलक्या होत्या. गर्दीत एक म्हातारी आजी आली, तिने पिशवीतून चष्मा काढला, अर्धा तास उभी राहून पुस्तक निवडलं आणि मला विचारलं, हा ट्रक कोन चालवते? मी म्हटलं, मीच. तिने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ऐकू आलं नसताना मान डोलावलीत. ते कसं जमलं, मला अजून कळलं नाही.

तुम्ही शब्दाचे पक्के. दोन दिवस बोलला नाहीत. डिझेल भरायचं तर बोटाने दाखवलंत, जेवायचं तर पोटावर हात ठेवलात. पुण्यात मला वाटलं होतं, आता हे परत जातील.

तुम्हाला आठवतं की नाही, मला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. ताम्हिणीचा उतार सुरू होण्याआधी मी लिव्हर २ वर टाकला, पण हात काढेना. मुठीत धरूनच बसले होते. घाम येऊन लिव्हर निसटत होता, तरी सोडवत नव्हतं. तुम्ही तुमचा तळहात माझ्या मुठीवर ठेवलात. बराच वेळ तसाच. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग बोललात, दोन दिवसांत पहिल्यांदा.

"सोड वं आता. गाडीनं धरलं हाय स्वतःले."

मी सोडला. तुमचा हात लिव्हरवरच राहिला, खाली सपाटी लागेपर्यंत. मामाजी, मला घाट दिसतच नव्हता, तुमचा हातच दिसत होता. त्या हाताला मी पंधरा वर्षं गुन्हेगार ठेवलं. तुम्ही माफ केलं की नाही ते मी विचारणार नाही. तुम्ही आलात, एवढं मला पुरेल.

नत्थूभाऊने तुमच्या जागेवरचा बारा नंबरचा पाना पुसून ठेवला आहे. मी त्याला अपघाताचं खरं काही सांगितलं नाही. सांगू का?

तुमची,
अस्मिता


पवनी
३० मार्च २०२६

प्रिय अस्मिता,
सप्रेम जयभीम.

थेंब मिळाला. लाल आहे, वास स्वच्छ आहे. पुढच्या वर्षीपर्यंत बघायला नको, पण तू बघशीलच.

नत्थूला तूच सांग, मी नाही सांगणार. त्याला तू काकासारखं मानतेस, तेव्हा समोर बसून सांग, चिठ्ठीने नको. पाना तिथेच राहू दे. पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी येईन, चौदाच्या जागी बाराचा टांगतात का ते बघायला.

राग थोडा उरला आहे. घाटाच्या वर होता त्यापेक्षा कमी आहे, पण आहे. तो तू आलीस की बघू. आंबे लागले आहेत, ट्रक घेऊनच ये, तुझ्या मामीला बसायचं आहे.

अंगणात मांडून ठेवलेला जुना गिअरबॉक्स काल पुन्हा बांधला. सकाळी बसलो, संध्याकाळी झाला. तळहात ठेवून शाफ्ट फिरवला, चारही गिअर अलगद बसतात. पोत्यावर एकही नट उरला नाही.

तुझा,
संघपाल मामा